लेसरच्या अक्षरांभोवती येणारा गंज

आपला प्रश्न असा आहे की, ४२० ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलच्या आर्टरी फोर्सेप्सवर (शस्त्रक्रियेत रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या चिमट्यावर) फायबर लेसरने टाकलेला बॅच क्रमांक पंधरा-वीस वेळा ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक) झाल्यावर तपकिरी पडतो, तर पॉवर वाढवून अक्षरे अधिक काळी करावीत काय. कृपया तसे करू नये, कारण गंजाचे मूळ त्या जादा उष्णतेतच आहे.

स्टेनलेस स्टीलचे रक्षण करणारा क्रोमियम ऑक्साइडचा थर जेमतेम काही नॅनोमीटर जाड असतो. लेसरच्या उष्णतेने त्या जागी जाड, लोहाचा अंश अधिक असलेला ऑक्साइड तयार होतो (आपल्याला दिसणारा काळा रंग तो हाच) आणि त्याच्या लगतच्या धातूतील क्रोमियम घटते. ४२० मध्ये ते मुळात १२ ते १४ टक्केच असते आणि स्टेनलेस म्हणवून घेण्याची किमान मर्यादा १०.५ टक्के आहे, त्यामुळे गमावण्याजोगे फारसे काही शिल्लक नसते. १८ टक्के क्रोमियमच्या ३०४ ग्रेडवर निर्धोक ठरलेले सेटिंग इथे दगा देते ते यामुळेच.

प्रथम डाग पेन्सिलच्या खोडरबराने घासून पाहावा. तो निघाला आणि खालचा धातू गुळगुळीत असला, तर तो बाहेरून बसलेला डाग समजावा. खाली बारीक खड्डा दिसला, तर तो खरा गंज. भिंगातून ‘८’ हा आकडा मुद्दाम पाहावा, कारण रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे किरण दोनदा जातो आणि माझ्या पाहण्यात गंजाची सुरुवात बहुधा तिथूनच होते.

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत जॉबवर्क करू लागलो तेव्हा नायट्रिक ॲसिडमध्ये अक्षरे फिकी पडतात म्हणून आम्ही आधी पॅसिव्हेशन (ॲसिडमध्ये बुडवून संरक्षक थर पुन्हा बळकट करणे) आणि मग मार्किंग असा शहाणपणा केला होता. तो सगळा माल प्रत्येक आकड्याभोवती नारिंगी कडे घेऊन परत आला. पॅसिव्हेशन मार्किंगनंतरच हवे. सायट्रिक ॲसिडमध्ये अक्षरे त्या मानाने टिकतात, मात्र वेळ आणि तापमान त्याच लॉटच्या नगांवर ठरवावे. किरण फोकसपासून किंचित हलवून पॉवर इतकी उतरवावी की अक्षरांवरून फिरवलेले नख कुठेही अडकणार नाही.

त्यानंतर काही नग डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळून, त्याच पाण्यात थंड होऊ देऊन, कोरडे झाल्यावर भिंगाखाली तपासावेत. कॉपर सल्फेटची (पृष्ठभागावरचे मोकळे लोह दाखवणारी) चाचणी करणार असाल, तर हार्डन केलेल्या ४२० साठी एएसटीएम एफ १०८९ (शस्त्रक्रियेच्या उपकरणांच्या गंजचाचणीचे मानक) मधील कृतीच वापरावी, सर्वसाधारण कृती नव्हे. डेटा मॅट्रिक्ससारखा (बारीक चौकटींचा चौकोनी) कोड हवा असेल, तर पिकोसेकंद लेसरचे (अत्यंत अल्पकाळाचे स्पंद देणाऱ्या लेसरचे) काळे मार्किंग पॅसिव्हेशनमध्येही टिकते. यंत्र महाग असल्याने ते काम बाहेरून करून घेणे परवडते.

एक चौकशी मात्र आधी करावी: रुग्णालयात ही उपकरणे हायपोक्लोराइटमध्ये (ब्लीचच्या द्रावणात) भिजत ठेवतात काय? तसे असेल, तर मार्किंग नसलेल्या भागावर, विशेषतः बिजागरीच्या सांध्यात, गंज दिसेल आणि लेसरचे कोणतेही सेटिंग त्याला आवरू शकणार नाही.