खारफुटीवर भराव टाकला तर कायदा काही करतो का?

करतो, पण कोणीतरी बोंब मारली तर. मी ऐरोलीत राहतो म्हणून सांगतो, खारफुटी सीआरझेड-१ मध्ये, म्हणजे किनारपट्टीच्या नियमांतल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या पट्ट्यात येते, वर २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाने तोड आणि भराव बंद केला, ५० मीटरच्या आत बांधकाम पण नाही, २०१८ ला तेच परत पक्कं केलं. वनखात्याचा वेगळा कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष आहे, ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर साईट, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. कागद भरपूर, पण डंपर रात्रीच येतो ना. आणि झाडं तोडायलाही लागत नाहीत, भरतीचं पाणी अडवलं की हळूहळू आपोआप सुकतात, मग म्हणायला मोकळे की इथे खारफुटी नव्हतीच. त्यामुळे बांध दिसला की लगेच लोकेशनसकट फोटो काढा, कांदळवन कक्ष आणि तहसीलदार दोघांनाही लेखी द्या.