कठड्यावरून उठा

'ताई, वय ४६. उद्यमनगरात लेथवर काम करतो. तीन वर्षं कंबर दुखतेय. पूर्वी तालमीत रोज दीडशे जोर मारायचो, आता वाकून बूट घालायची भीती वाटते. डॉक्टर म्हणतात व्यायाम करा. दोनदा जिम लावली, दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना, सोडली. बायको आळशी म्हणते. संध्याकाळी आईला गाडीवरून रंकाळ्यावर नेतो, ती फिरून येईपर्यंत कठड्यावर बसतो, तेवढंच बाहेर पडणं. व्यायामासाठी मनाची तयारी कशी करू?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या कठड्यापाशीच अडकले. खरं सांगते, राग आला. गाडी काढता, रंकाळ्यावर पोचता, सोबत हक्काचं माणूस असतं, आणि तुम्ही टेका नसलेल्या दगडावर दुखरी कंबर घेऊन बसता. घराबाहेर पडणं हेच अवघड असतं, ते तुम्ही रोज करताय. मनाची आणखी कसली तयारी हवी?

मला वाटतं, आईच्या चालीनं चालणं हा तुमच्या लेखी व्यायामच नाही. दीडशे जोर मारणाऱ्यानं म्हातारीबरोबर रमतगमत चालायचं? पण तालमीत नवं पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी जोडीला उभं करतो का? आधी कुस्तीचा हौदा उकरायला लावतो. तुमची कंबर आज ते नवं पोरगं आहे आणि जिममध्ये तुम्ही तिला थेट खासबागेच्या कुस्ती मैदानात उतरवलंत. दुसऱ्या दिवशी उठवलं नाही, यात आळस कुठला? तेवढं बायकोचं चुकलं.

जुन्या कंबरदुखीत दुखलं म्हणजे दर वेळी आत काही मोडलं असं नसतं. भीतीनं हालचाल कमी होते, स्नायू दुबळे पडतात, मग थोडक्यानंही दुखतं. ऑस्ट्रेलियात ७०१ जणांवर चालण्याचा प्रयोग झाला, २०२४ साली तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ही माणसं कंबरदुखीतून नुकती बरी झालेली होती, तुमच्यासारखी रोज दुखणारी नव्हेत. पण हळूहळू चालणं वाढवलेल्या गटात निम्म्यांचं दुखणं पुन्हा उलटायला २०८ दिवस लागले, बाकीच्यांत ११२. त्यांनाही आठवड्यातून ५ वेळा अर्धा तास इथवर यायला सहा महिने दिले होते. तुम्ही जिमला आठवडासुद्धा दिला नाहीत.

तेव्हा आईबरोबर निघायचं. पाच मिनिटं तिच्यासोबत, मग ती पुढं जाईल, तुम्ही मागं फिरा. पहिला आठवडा एवढंच. बरं वाटलं तरी वाढवायचं नाही, जुना पैलवान अंगात येईल तरी नाही. थोडं दुखेल. सकाळपर्यंत उतरलं तर पुढच्या आठवड्यात दोन मिनिटं वाढवा. नाही उतरलं तर अंतर कमी करा, पण चालणं सोडू नका. पायातली ताकद गेली, जांघेत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी-संडासवरचा ताबा सुटला, तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आईला आधी काही सांगत बसू नका. उद्या गाडी स्टँडवर लावली की मोबाईल डिकीत टाका आणि तिच्या बरोबरीनं चालू लागा.