आवडत्या हिरोचं डिजिटल पोर्ट्रेट करतोयस ना, मग हे वाच

अरे पहिली गोष्ट, चेहरा फोटोवरून ट्रेस करू नकोस, म्हणजे शिकताना एकदोनदा कर पण त्यावर अडकू नकोस, कारण मग भुवया हुबेहूब येतात आणि माणूस मात्र हरवतो. आधी अख्ख्या डोक्याचा आकार घे, डोळे साधारण डोक्याच्या निम्म्या उंचीवर येतात, नवीन मुलं ते हमखास वर चढवतात.

सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई नको, क्रिटा हे चित्रं रंगवायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. कॅनव्हास ३००० बाय ४००० पिक्सेल ठेव, ३०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ३०० ठिपके) साधारण १० बाय १३.३ इंचाची प्रिंट छान निघते.

सावलीत काळा रंग मिसळू नकोस रे, त्वचा राखेसारखी दिसते! लालसर तपकिरी घे, सावलीचा लेयर (वेगळा थर) मल्टिप्लायवर टाक, म्हणजे खालचा रंग गडद होतो. आणि मधूनमधून कॅनव्हास फ्लिप करून, म्हणजे आरशासारखा उलटा करून बघ, मी एका खलनायकाचं चित्र तीन रात्री रंगवलं आणि फ्लिप केल्यावर कळलं की जबडा एका बाजूला घसरलाय, नंतर बडोद्यात दांडिया बाजारात चहा पीत तासभर स्वतःलाच शिव्या घातल्या.

एखाद्या रविवारी बडोद्याच्या फतेहसिंह म्युझियमला जा, राजा रविवर्म्याची ओरिजिनल पोर्ट्रेट्स आहेत, गालावरचा उजेड गळ्याकडे कसा उतरतो ते जवळून बघ. मोबाईलवर ते दिसतच नाही.

हां, आणि दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं चित्र विकायला काढू नकोस, चार-पाच स्टिल्स बघून पोझ आणि लाइट स्वतःचा लाव. पहिलं झालं की पाठव, जबडा मी बघतो.