बोअर 900 फुटांवर न्यावं का, आणि बंधाऱ्याच्या बोर्डावरचं पाणी गेलं कुठं?

यावेळी आलेल्यात पाण्याचेच प्रश्न जास्त आहेत, त्यातले तीन घेतो. तालुक्याला कृषी अधिकारी म्हणून नोकरी झाली, आता रिटायर आहे, म्हणून जरा मोकळं लिहितोय.

पहिला प्रश्न कळंबकडच्या एका दादांचा. दोन एकर ऊस उभा आहे, 600 फुटांच्या बोअरची मोटर दहा मिनिटांत हवा धरते, मशीनवाला म्हणतोय 900 पर्यंत जाऊ, नक्की लागेल. जाऊ का?

दादा, नका जाऊ. आपला हा काळा पाषाण आहे, दरसाल जे पाणी मुरतं ते वरच्या शे-दोनशे फुटांतल्या मुरमात आणि भेगांत, त्याच्या खाली लागलंच तर ते जुनं साठलेलं, एखाददुसरा उन्हाळा निघतो आणि परत कोरडं. तसं तर भूजल कायद्यानं 60 मीटरच्या म्हणजे साधारण 200 फुटांच्या खाली शेतीसाठी बोअर घ्यायला बंदीच आहे, पण मशीन रात्री येतं, सकाळी जातं आणि ते कुणाच्या ओळखीचं असतं हे गावात सगळ्यांना माहीत असतं, असो.

आता जरा हिशोब बघा. 600 मिलिमीटर पाऊस झाला तर एकरावर साधारण 24 लाख लिटर पाणी पडतं, त्यातलं जमिनीत मुरतं दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे अडीच लाख धरा. मोकाट पाणी दिलं तर ऊस एकरी वर्षाला एक कोटी लिटर पितो. म्हणजे तुमच्या एका एकर उसासाठी चाळीस एकराचं मुरलेलं पाणी लागतं, आणि ती चाळीस एकर काही तुमची नाही, शेजाऱ्यांची आहे. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, पहिल्या गाडीत 5 लाख लिटर होतं, तशा वीस गाड्या एका एकराच्या उसाला लागल्या असत्या. हे कारखान्याच्या सभेत कुणी सांगत नाही कारण ऊस लावा म्हणणारे आणि दुष्काळात टँकर चालवणारे पुष्कळदा एकाच घरचे निघतात.

उभा ऊस वाचवायचा तर पाचट जाळू नका, सरीत पसरा, एक आड एक सरी पाणी द्या, आणि 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम युरिया आणि 300 ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश घेऊन 15-20 दिवसांनी फवारा. खोडवा (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणारा ऊस) मात्र ठेवू नका. त्या रानात पुढच्या रब्बीला हरभरा करा, फुले विक्रम किंवा जॅकी 9218, दोन पाण्यात येतो. हिवरे बाजारला तर पाऊस मोजून ग्रामसभा पिकं ठरवते आणि शेतीला बोअर घ्यायचंच नाही असा गावाचा नियम आहे, तिथला पाऊस काही आपल्यापेक्षा जास्त नाही.

दुसरा प्रश्न आष्टीकडच्या एका भावाचा. ओढ्यावर सिमेंट बंधारा झाला, बोर्डावर साठा 6 टीसीएम (एक टीसीएम म्हणजे हजार घनमीटर) लिहिलंय, दिवाळीलाच कोरडा पडतो, इंजिनिअर म्हणतात पाऊसच कमी.

भाऊ, टेप घ्या आणि दोघंजण ओढ्यात उतरा. समजा पात्र 8 मीटर रुंद, पाणी मागं 150 मीटरपर्यंत तुंबतं आणि भिंतीपाशी खोली 2 मीटर, तर तिघांचा गुणाकार करून निम्मा करा (मागं खोली कमी होत जाते म्हणून), 1,200 घनमीटर आले, म्हणजे 1.2 टीसीएम. मग 6 कुठून आले? ते सांगतील पावसाळ्यात चार-पाचदा भरतो, ठीक आहे, मग तेवढ्यांदा भरल्याचं दाखवा म्हणावं.

पण कोरडा पडला म्हणजे चोरीच झाली असं लगेच म्हणू नका. वरच्या-खालच्या विहिरींची पातळी वाढली असेल तर पाणी मुरलं, बंधाऱ्यानं काम केलं. विहिरी तशाच आणि भिंतीच्या खालच्या अंगाला पाझर दिसतो, तर पाया कठीण थरापर्यंत नेलेलाच नाही. मी स्वतः पाच फुटांचा पाया मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाची मापं लिहितात ती सरकारी वही) आठ फुटांचा झालेला बघितलाय, सही करत नाही म्हटलं तर दोन महिन्यांत बदली झाली आणि सही दुसऱ्यानं केली.

तुम्ही माहिती अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि अंतिम बिल मागा. आणि हे फार जणांना ठाऊक नसतं, कलम 2 मध्ये कामाची पाहणी करायचा आणि मालाचे नमुने घ्यायचाही हक्क दिलाय, तेही अर्जात लिहा. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील. एकट्यानं करू नका, ग्रामसभेत ठराव घेऊन पाच-सात जणांच्या सह्यांनी करा, एकट्याला गाठणं सोपं असतं. तुमचं गाव काही एकटं नाही, जलयुक्त शिवार या राज्याच्या जलसंधारण योजनेवर 9,600 कोटींच्या वर खर्च झाला आणि कॅगनं, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकानं, 2020 च्या अहवालात सांगितलं की तपासलेल्या 120 गावांपैकी 83 गावांत पिण्याला आणि शेतीला पुरेल एवढं पाणी साठलं नाही. त्याआधी 2012 च्या राज्याच्या आर्थिक पाहणीत दहा वर्षांत सिंचन 0.1 टक्क्यानं वाढलं असं आलं, गदारोळ झाल्यावर सरकारच्या श्वेतपत्रिकेत तेच 5.17 टक्के झालं. आपल्याकडं पाणी कागदावर फार लवकर वाढतं.

तिसरा एका ताईंचा, ठिबकच्या अनुदानाला मधला माणूस पैसे मागतोय. ताई, अल्पभूधारकाला 80 टक्के आणि बाकीच्यांना 75 टक्के मिळतं, अर्ज महाडीबीटीवर स्वतः किंवा सेतूत भरा, पूर्वसंमती आल्याशिवाय सेट विकत घेऊ नका, जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि मोका तपासणीला स्वतः शेतात उभं राहा. कोणी पैसे मागितले तर लाचलुचपतचा नंबर 1064. आणि संच बसल्यावर आठवड्याला लॅटरलची (पिकाच्या ओळीतल्या ठिबकच्या नळ्यांची) शेवटची टोकं सोडून धुवा, बोअरचं पाणी क्षारट आहे तुमच्याकडं, नाहीतर ड्रिपर दोन वर्षांत बंद पडतील.