शिकवलं तर जाईल, म्हणून?

अनेक आशीर्वाद.

दिवाळीचा बोनस घेऊन संगणकावर चालणाऱ्या सीएनसी मशीनचे दोन ऑपरेटर चाकणला गेले, आता पगार किती वाढवू, असं विचारलंस. झेपेल तेवढा वाढव. पण चाकणशी पगारात बरोबरी सांगलीजवळच्या कुपवाडच्या छोट्या शॉपला जमायची नाही. आणि तिकडचं खोलीभाडं, मेस वजा जाता हातात काय उरतं, हे त्या पोरांनाही कळतं. तरी जातात.

मागे आलो तेव्हा तुझ्या शॉपमध्ये उभा होतो. पोरगं जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनला लावतं, दार ओढतं, सायकल स्टार्ट दाबतं, जॉब काढून हवा मारतं, माप घेतं. माप वीस मायक्रॉन सरकलं की हातावर हात ठेवून मशीन जुळवणाऱ्या सेटरची वाट बघतं, कारण ऑफसेटला, म्हणजे मशीनमधल्या मापाच्या दुरुस्तीला, हात लावायचा नाही असा सुपरवायझरचा हुकूम. आयटीआय झालेल्या मुलानं तीन वर्षं बटणच दाबायचं, तर चौथ्या वर्षी थांबावं कशाला?

ऑपरेटरचा सेटर, सेटरचा प्रोग्रॅमर ही वाट मोकळी कर. शनिवारी शेवटचा तास एक मशीन शिकणाऱ्याला दे. चार जॉब रिजेक्ट होतील, होऊ देत. खरी अडचण सुपरवायझरची. सेटिंग एकट्याला येतं म्हणून त्याचा भाव आहे, तो सुखासुखी कोणाला शिकवणार नाही. त्याची पगारवाढ 'किती सेटर तयार केलेस' यावर ठरव, मग बघ.

शिकून काही जातीलच. पण चांगल्या तोंडानं गेलेला पोरगा गावाकडचा धाकटा भाऊ तुझ्याकडेच धाडतो. आईवडील थकले की स्वतःही परतायला बघतो, तेव्हा मागचं काढू नकोस.

किर्लोस्करवाडी तुझ्यापासून काय लांब आहे? 1910 मध्ये औंध संस्थानातल्या त्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना तयार कारागीर कुठले मिळायला? कारखान्याबरोबर राहायला घरं उभी केली आणि माणसं कामावरच घडवली. तुला वसाहत बांधायची नाही; पण दुसरी पाळी सुटल्यावर तासगावच्या पोराला एसटी नसते, त्याच्या जाण्याची सोय तरी कर. माझ्या मते पाचशे रुपये वाढीपेक्षा तिचं मोल जास्त आहे.

ओव्हरटाइम दुप्पट दरानं देणं आणि पीएफ वेळेवर भरणं याला उपकार समजू नकोस, तो कायदा आहे. अप्रेंटिस घेणं तीस माणसांपासून पुढे सक्तीचं. चार माणसं असली तरी घेता येतात. दोघं घे. मात्र त्यांना चिप्स, म्हणजे धातूचा कीस, उचलायला ठेवणार असशील तर घेऊच नकोस.

पुढच्या महिन्यात मिरजेला यायचं आहे. सुपरवायझरला आधी काही बोलू नकोस, त्याच्याशी मी बोलतो.

तुझा,
काका