तण मरत नसेल तर आधी जनुकांकडे बघा

तणनाशकामुळे तणात त्याला दाद न देण्याचा बदल घडतो, ही समजूत आधी डोक्यातून काढा. बदल झालेली एखाददुसरी रोपं शेतात आधीपासूनच असतात. आपण बाकीची मारतो आणि नेमकं त्यांनाच रान मोकळं करून देतो.

या बदलाचा पहिला प्रकार सोपा. तणनाशक ज्या विकराला (एन्झाइमला) चिकटतं, त्याचं एक अमिनो आम्ल बदलतं आणि पकड सुटते. एएलएस या, काही अमिनो आम्लं बनवणाऱ्या विकरात ५७४ व्या जागी ट्रिप्टोफॅनऐवजी ल्युसिन आलं, की त्या विकरावर काम करणाऱ्या गटातली बहुतेक रसायनं एकदमच निकामी होतात. म्हणून नुसता ब्रँड बदलून काही होत नाही, वेगळ्या पद्धतीने क्रिया करणारं तणनाशक घ्यावं लागतं. अॅट्राझिन या तणनाशकाची गंमत वेगळी. त्याला दाद न देणारं नेहमीचं उत्परिवर्तन (जनुकातला बदल) हरितलवकातल्या जनुकात असतं, त्यामुळे ते सहसा परागातून पसरत नाही, मातृरोपाच्या बियांतून जातं. पामर राजगिरा या तणाने तर आणखी वेगळीच वाट काढली: ग्लायफोसेट हे तणनाशक ज्या विकरावर काम करतं, त्याच्या जनुकाच्या काही रोपांत शंभरावर प्रती! विकर इतका तयार होतो, की औषधच कमी पडतं.

मला खरी धास्ती वाटते ती दुसऱ्या प्रकाराची. त्यात तणातली पी४५० सारखी विकरं औषध लक्ष्यापर्यंत पोचण्याआधीच त्याचं विघटन करतात, आणि अशी तणं कधीही न वापरलेल्या रसायनालाही दाद देत नाहीत. मात्रा कमी ठेवली, तर असे छोटे छोटे जनुकीय फरक पिढ्यानपिढ्या साठत जातात. तेव्हा लेबलवरची पूर्ण मात्रा द्या आणि वाचलेली झाडं बी धरण्याआधी उपटा.