पणजोबांची पदकं: आधी कड वाचा, मग भाव विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लालबागची खोली पुनर्विकासासाठी रिकामी करताना पत्र्याच्या ट्रंकेत दोन गोल पदकं, चांदणीच्या आकाराचं एक पदक, बशीएवढी ब्राँझची चकती आणि मोडी लिपीतले काही कागद निघाले. पणजोबा कुठे लढले आणि याचं मोल काय?

पहिली गोष्ट, काहीही चकचकीत करू नका. ब्रासो, पितांबरी, चिंच, लिंबू, काहीच नको. काळवंडलेली चांदी हा दोष नाही, झिजलेली अक्षरं हा दोष आहे. गोल पदकांवर शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कडेच्या जाडीवर ठोकलेली असते, चांदणीवर ती पाठीमागे असते. घासणारा हात नेमका कडेवरून फिरतो आणि पदकाची अर्धी किंमत फडक्याला लागून जाते.

खोलीत अंधार करा, मोबाइलचा टॉर्च कडेला जवळजवळ समांतर धरा. अक्षरांच्या सावल्या पडतात. पदक थोडं थोडं फिरवत सहा-आठ फोटो काढा. अक्षरांत शाई किंवा खडू भरायचा मोह टाळा.

ही पदकं पहिल्या महायुद्धातली. घोडेस्वाराचं चित्र असलेलं पदक म्हणजे ब्रिटिश वॉर मेडल, शिपायाला चांदीचं आणि बऱ्याच बिगरलढाऊ नोकरांना ब्राँझचं मिळालेलं. पंख असलेली देवता आणि दुहेरी इंद्रधनुष्यी फीत म्हणजे व्हिक्टरी मेडल. चांदणीच्या मधल्या पट्टीवर ‘१९१४-१५’ असेल, तर माणूस १९१५ संपायच्या आत रणांगणात पोचला होता. १२ सेंटिमीटरची चकती मात्र नाणं नाही की बक्षीसही नाही. सेवेत मेलेल्यांच्या घरी पाठवलेली ती स्मृतिचकती. तिच्यावर फक्त नाव असतं, हुद्दा नाही आणि पलटणही नाही. म्हणून ती पदकांपासून सुटली की मुकी होते. चारही वस्तू वेगवेगळ्या भावंडांत वाटून घेऊ नका, ही कळकळीची विनंती.

आता समजा, कडेवर नावापुढे ‘११० मराठा’ निघालं. ब्रिटिश हिंदी सैन्याच्या १९२२ च्या फेररचनेत १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या अनुक्रमे पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या. त्यामुळे चौकशीचं पत्र बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राला जातं, आणि त्यात जुना नंबर जसाच्या तसा लिहायचा. ‘१११ महार’ असेल तर गोष्ट वेगळी. ती पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. १९४१ ची महार रेजिमेंट नव्याने उभारलेली आहे.

१०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत या गावी तुर्की फौजेने घातलेल्या वेढ्यात अडकल्या होत्या. ७ डिसेंबर १९१५ ला वेढा पडला, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. चकती घरात आहे म्हणजे मृत्यूची नोंद युद्धात मेलेल्यांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर सापडण्याची बरीच शक्यता आहे. तिथे नावाने शोधून थकाल, कारण जाधवचे जादव, जाधाव असे चार अवतार गोऱ्या कारकुनांनी केलेले असतात. नंबर आणि पलटण टाकून शोधा. अनेक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका दिलेला असतो. ‘खेड, रत्नागिरी’ असं दिसलं की त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाची शंका मिटते. मृत्यूची तारीख शरणागतीनंतरची असेल तर कैदेतल्या मृत्यूचा विचार करावा लागतो, पण लगेच ठरवून टाकू नका. त्याच पलटणींचे नंतर भरती झालेले लोक वेढ्याबाहेरही लढत होते. पणजोबा खलाशी असतील तर मस्जिद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममधलं स्मारक आधी पाहा.

गावीही एक चक्कर टाका. साताऱ्यात, कोकणात कित्येक गावांत ‘या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धात गेले, पैकी इतके कामी आले’ अशी संगमरवरी पाटी चावडीत किंवा शाळेच्या भिंतीत असते. नावं नसली तरी आकडा मिळतो. मोडी कागद लॅमिनेट करू नका, सपाट ठेवून फोटो काढा आणि मोडी वाचणाऱ्याला दाखवा. पाकिटावर ‘फील्ड पोस्ट ऑफिस’ आणि नंबर असलेला शिक्का असेल तर त्यावरून ठिकाण काढता येतं, म्हणून पाकीट पत्राइतकंच जपा.

किमतीचं. झवेरी बाजारातला सोनार वॉर मेडलचं वजन करेल: सुमारे ३१ ग्रॅम, ९२.५ टक्के चांदी. ही तळाची किंमत, त्याखाली देऊच नका. चोर बाजारात तेवढ्यावरच बोलणी सुरू होतात. संग्राहक पैसे मोजतो ते नावाचे: एकाच माणसाची सगळी पदकं, चकती आणि मृत्यूची नोंद जुळली तर संच, नाही तर सुटे तुकडे. खोट काढायची तर कॅलिपर लावा. गोल पदकाचा व्यास ३६ मिलिमीटरपेक्षा कमी भरला, तर जुनं नाव कानशीने घासून दुसरं ठोकल्याचा संशय घ्या. इंटरनेटवर मागितलेले भाव पाहू नका, लिलावात प्रत्यक्ष मिळालेले पाहा आणि त्यातून लिलावकर्त्याचं कमिशन वजा करा.

परदेशी लिलावात पाठवायचा विचार असेल तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांवरच्या पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत, आणि ही पदकं आता त्या वयात आली आहेत. ट्रंकेत जिवंत काडतूस निघालं तर हात न लावता पोलिसांना कळवा.

पावसाळ्यापुरतं: रबरबँड नको, गंधकाने चांदी काळी पडते. पीव्हीसीचे अल्बम नकोत, हिरवट चिकटा धरतो. प्रत्येक वस्तू आम्लरहित कागदात, मग पॉलिथिनच्या झिपपिशवीत, सोबत सिलिका जेलची पुडी.

कडेचे फोटो आणि मोडीचं पहिलं पान इथे टाका. नंबर वाचता आला की पुढचं सांगता येईल.